चौथा ढीग

"ताई, माझी साडी गेली का वो?" शर्टाला गुंडी लावता लावता, मान वर न करता चंपाबाईंनी विचारले आणि मानसीने "हो, गेली," असे उत्तर दिले. उत्तर देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आले की कोणती साडी हे आपल्याला आठवलेलेच नाही. वाक्य पुढे निघून गेले होते. साडी त्याच्यामागून आली, सभेला उशिरा पोचलेल्या माणसासारखी, खुर्च्या चुकवत. पांढरी. करंगळीएवढ्या निळ्या काठाची. घड्यांच्या रेषांवर पिवळसर पडलेली. ती आली आणि मानसीच्या डोळ्यांसमोर सरळ चौथ्या ढिगावर जाऊन पडली.

"कोनी नेली?" चंपाबाईंनी दोरा दातांनी तोडला.

या प्रश्नाला "काय की, गर्दीत लक्ष नव्हतं" असे एक साधे उत्तर होते. ते खोटे असले तरी निरुपद्रवी होते, आणि चंपाबाईंनी त्यावर दुसरा प्रश्न केला नसता. पण माणूस घसरताना जवळ दिसेल ते धरतो. "एका मुलीनं," मानसी म्हणाली. "लग्न आहे तिचं."

"आमच्यातली का?"

"हो."

"मंग चांगलं झालं," चंपाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरले ते बघवेना म्हणून मानसी उठली, पंख्याचे बटण उगाच बंद केले, पुन्हा चालू केले, आणि पाठीमागे स्वाती म्हणाली, "काय गं, आधीच उकडतंय, त्यात तू पंख्याशी कसली खेळतेस?"

हे चालले होते ते दुकान म्हणजे सुरतेत दिंडोलीकडच्या एका मराठी शाळेचा रिकामा पडलेला वर्ग. मराठी टिकली पाहिजे असे गणेशोत्सवाच्या मंडपातून दरवर्षी सांगणाऱ्यांची मुले एकेक करून दोन चौक पलीकडच्या इंग्रजी शाळेत गेली, तसतसे वर्ग मोकळे होत गेले. मग उरलेल्या पालकांनी त्यातल्या एकात जुन्या कपड्यांचे दुकान काढले, म्हणजे गेलेल्यांच्या जुन्या कपड्यांवर उरलेल्यांची प्रयोगशाळा चालावी. दुकानाला कोणीतरी 'पुनर्वस्त्र भांडार' असे नाव दिले होते. ते फलकावरच राहिले. नवागामच्या चाळींतून शनिवारी सकाळी येणारी माणसे त्याला 'शाळेतलं दुकान' म्हणत. पालक आळीपाळीने येत, गाठोडी सोडत, झटकत, निवडत, विकत. स्वातीसारख्या बोलक्या बायका गल्ल्याशी बसत. चंपाबाई कागदोपत्री पालक नव्हत्या. सातवीतल्या जागृतीच्या त्या आजी. पण जागृतीचा बाप नागनाथ नवागामला मागावर बारा तासांच्या पाळीत आणि आई साड्यांना खडे चिकटवण्याच्या कामात, म्हणून त्या घरचा पालक या नात्याने चंपाबाईच येत, खिडकीखालच्या स्टुलावर बसत, तुटलेल्या गुंड्या आणि उसवलेले हुक लावत. आल्यापासून त्यांनी कोणाला पाणीही मागितलेले नव्हते. बाटली घरून आणत. ती बाटली मानसीने पहिल्या दिवशीच पाहिली होती, तिचा अर्थही लावला होता, आणि तो लावता आल्याचे तिला किंचित समाधान झाले होते.

कारण अर्थ लावणे हा मानसीचा व्यवसाय होता. ती महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवी. खानदेशातून सुरतेत आलेल्या कामगार कुटुंबांच्या विधी-संस्कारांवर तिचा प्रबंध होता, त्याचे चौथे प्रकरण बौद्ध विवाहावर, आणि त्या प्रकरणात पांढऱ्या साडीवर पाच पाने होती. वधू पांढरी साडी नेसते; जुन्या हिरव्या-लाल संकेतांना दिलेला तो जाणीवपूर्वक नकार आहे; ज्या रंगाला तुम्ही वैधव्य म्हणालात त्यालाच आम्ही आरंभ म्हणतो. ही वाक्ये तिची होती. परीक्षकांनी त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. पक्क्या बांधणीचा तो प्रबंध तिच्या कपाटात उभा होता, आणि तो लिहिणाऱ्या बाईच्याच हाताने मागल्याच्या मागल्या शनिवारी एका बौद्ध बाईची लग्नातली साडी यंत्रे पुसण्यासाठी पाठवून दिली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की मानसीला आपण कुठे उभे आहोत ते कळेनासे होई, लिफ्ट मजल्यांच्या मधे थांबल्यावर होते तसे.

ढिगांची व्यवस्थाही तिचीच. फळ्यावर तिच्या रेखीव अक्षरात तक्ता लावलेला होता: पहिला ढीग रोजच्या वापराचा, दुसरा मुलांचा, तिसरा समारंभाचा, चौथा पुसणीचा. चौथ्यात फाटके, डागाळलेले, कोणी अंगाला लावणार नाही असे जाई. त्याची पोती कतारगामचा मगनभाई उचले, त्याच्या गोदामात त्याचे हातभर तुकडे होत आणि ते तुकडे मागवाल्यांकडे तेल पुसायला जात. तक्त्याच्या वर तिने पालकांना केलेले आवाहन होते: 'देताना मन थोडे अडखळेल असे एक तरी वस्त्र द्या.' 'अडखळेल' हा शब्द सुचला तेव्हा तिला फार बरे वाटले होते. प्रत्यक्षात आले ते विटलेले गाऊन, कॉलर घासलेले शर्ट, कंपनीचे नाव छापलेले टी-शर्ट, आणि एका सुस्थितीतल्या घरातून एकुलता एक मोजा. "ह्याला दान म्हणायचं का सुटका?" एक गाऊन चिमटीत धरून स्वाती विचारी आणि सगळ्या हसत. त्या आवाहनाचा शब्दश: अर्थ घेणारी व्यक्ती एकच निघाली होती. तिला ते वाचताही येत नव्हते. जागृतीने वाचून दाखवले होते.

ती सकाळ मानसीला आता नको इतकी स्पष्ट आठवू लागली. कानाला मोबाइल होता. विभागप्रमुख कसल्याशा परिसंवादाच्या तारखा सांगत होते. चंपाबाईंनी वर्तमानपत्राची पुडी टेबलावर ठेवली, कागद उलगडला, म्हणाल्या, "ही माझी वो ताई. नीट ठेवा." मानसीने मान हलवली. मान हलवताना तिच्या डोक्यात काय होते? तिने स्वत:ला हे पुन्हा पुन्हा विचारले, आणि प्रत्येक वेळी डोके वेगवेगळी कागदपत्रे पुढे करू लागले, चौकशी लागलेल्या कचेरीसारखे. एक कागद असा: मगनभाईने सांगितले होते की पांढरे सुती कापड वेगळे टाका, रंग सुटत नाही, मागावरच्या कोऱ्या मालाला डाग पडत नाहीत. म्हणजे नियम. पांढरे, म्हणून चौथा ढीग. यात कोणाचा अपमान नव्हता, कोणाची जात नव्हती, फक्त तेल होते. हा कागद तिला इतका आवडला की त्या आधारावर ती रविवारची रात्र शांत झोपली.

सोमवारी तास संपवून ती कतारगामला मगनभाईच्या गोदामात गेली. जमिनीत उभ्या रोवलेल्या पात्यांपुढे बायका ओळीने बसल्या होत्या. हातातले कापड पात्यावर ओढत, आणि ते फाटल्याचा आवाज होण्याआधीच दोन होत असे. धूळ नव्हती, तंतू होते. ते हवेत तरंगत आणि ओठांवर बसत. मगनभाईने खुर्ची पुसून दिली. मानसीने विचारले आणि त्याने कपाळाला हात लावला.

"अरे बेन, ती निळी किनारवाळी? याद आहे ने मला. कापून गेली ती, शुक्रवारीच गेली नवागाम. पण मी तर कारिगरला बोल्यो पण, के आ तो भूलथी आवी छे."

"भूलथी म्हणजे? चुकून कशी?"

"म्हणजे ती तर पोलिएस्टर होती, बेन! चोख्खी पोलिएस्टर, जुन्या वखतनी. तेल पीतीच नाही ती. पुसायच्या काय कामाची? तुमी एवढ्या शिकलेल्या, तुमी कशी घातली चौथामां?"

त्याने हे हसत विचारले. सुरतेत सतरा वर्षे काढलेल्या बाईला कापड ओळखायला डोळे लागत नाहीत; बोटाच्या पेराला कळते. सूत पाणी पिऊन बसल्यासारखे गार लागते, पॉलिएस्टर नखाखाली किंचित किरकिरते. ती साडी उचलून ढिगावर ठेवताना तिच्या बोटांना कळले असणारच. बोटांनी सांगितले असणार आणि कोणीतरी ऐकले नव्हते. नियमाचा कागद तिथेच, त्या पात्यांच्या समोर, दोन तुकडे होऊन पडला. घरी परतताना रिक्षात तिने स्वत:च्या ओढणीचे टोक बोटांत धरून पाहिले, मग सीटच्या कव्हरचे, मग पर्सच्या बंदाचे, आणि प्रत्येकाचे नाव तिला बिनचूक सांगता आले. बोटे निर्दोष सुटली. मग उरले कोण?

उरली ती एक गोष्ट, जी ती आजवर अभिमानाने सांगत आली होती. बारडोलीला साखर कारखान्याच्या वसाहतीत त्यांचे घर होते. वडील ऊस विभागात कारकून. ऐन गाळपाच्या दिवसांत, मळीचा गोड-आंबूस वास खिडक्यांतून अंथरुणापर्यंत येत असताना, ते बसल्या जागी गेले. मानसी अकरा वर्षांची. तेराव्या दिवशी आत्याने आईपुढे एक पांढरी साडी ठेवली. आईने, शकुंतलेने, जी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि जिचा आवाज कधी चढत नसे, ती साडी जमिनीवर अंथरली, शिवणाच्या डब्यातली कात्री आणली, आणि सगळ्यांदेखत तिचे चौकोनी तुकडे केले. "फळा पुसायला होतील," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती गुलबक्षी साडी नेसून शाळेत गेली. हा प्रसंग मानसीने तीन परिसंवादांत सांगितला होता आणि तिन्ही वेळा सभागृहात एक विशिष्ट, सुशिक्षित शांतता पसरली होती, आणि तिच्यामागून टाळ्या. त्या कात्रीच्या आवाजातून आपण जन्मलो असे ती मानी. तेव्हा आता तिला असे वाटू लागले की चंपाबाईंचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला हे आपल्याला ठाऊक होते. एका विधवेने आपली पांढरी साडी आणून टाकली, तिला ती नकोशी झाली, असे आपण धरले. आणि आईने केले तेच आपल्या हाताने केले. पुसणी. म्हणजे तो हात क्रूर नव्हता. तो मुक्ती देत होता. समोरची बाई "नीट ठेवा" म्हणत असताना तिला न विचारता, तिच्यासाठी, तो तिला मुक्त करत होता. मानसीला हे सुचले तेव्हा ती स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती, आणि सुरी तशीच ठेवून ती थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. हा दुसरा कागद पहिल्यापेक्षा चांगला होता की वाईट, हेच तिला ठरवता येईना.

"नवीन घेऊन दे ना," जेवताना तिचा नवरा हर्षल म्हणाला. तो बँकेत होता आणि कुठलीही गोष्ट भरून काढता येते अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. "सुरतेत राहून साडीची काळजी करणारी तू पहिलीच."

"तिची लग्नातली होती ती."

"मग त्यांनी दिली कशाला?"

यावर त्यांची लेक नेहा, जी जागृतीच्या बाकावर बसे, ताटातून मान न उचलता म्हणाली, "तूच लिहिलंस ना आई, मन अडखळेल अशी द्या म्हणून? जागृतीची आजी सांगत होती. आजीच्या बाबांनी आणली होती ती साडी. ते इथे मिलमध्ये होते, आणि तेव्हा ह्या साड्या नवीन निघालेल्या. त्यांच्या गावी, चोपड्यात, तसली साडी कोणी पाहिलीच नव्हती म्हणे. सगळं गाव हात लावून बघून गेलं."

"तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?" नेहा म्हणाली, आणि गुजरातीत मैत्रिणीला काहीतरी निरोप बोलत फोन घेऊन उठून गेली.

बुधवारी मानसी खरोखरच कापड बाजारात गेली. एका दुकानात तिने पांढरी साडी दाखवा म्हटले. गादीवरच्या तरुण विक्रेत्याने चेहरा तत्काळ मऊ केला, आवाज खाली आणला, आणि विचारले, "बेसणा माटे जोईए छे, बेन?" कोणी वारल्यावर भेटायला जाताना नेसायची का. त्याने विचारले त्यात काहीच वावगे नव्हते; गुजरातेत पांढरे त्यासाठीच मागतात. पण त्या मऊ झालेल्या चेहऱ्यात मानसीला स्वत:चा त्या शनिवारचा चेहरा दिसला, मोबाइल कानाला लावून मान हलवणारा. लाखो मीटर कापड रोज विणणाऱ्या या सबंध शहराच्या डोळ्यांत पांढऱ्याचा एकच अर्थ भरलेला, आणि पाच पाने लिहूनही तिचे डोळे त्याच शहरातले. ती काही न घेता पायऱ्या उतरली. उतरताना तिला वाटले, की चंपाबाईंनी ही साडी इतकी वर्षे पेटीत ठेवली ती जगाच्या अशाच नजरेपासून जपायला, आणि बाहेर काढून दिली ती माझ्या हातात, कारण जागृतीने सांगितले असणार, नेहाच्या आईला आपल्यातलं सगळं माहीत आहे. मग हेही फार सुबक वाटले. सुबक वाक्यांवरचा तिचा विश्वास त्या आठवड्यात उडत चालला होता.

गुरुवारी तिने आईला फोन केला. आई अजून बारडोलीलाच असे, पंचाहत्तरीत, स्वत:च्या हाताने भाजी निवडणारी. मानसीने आडून आडून विषय काढला. आत्याची ती साडी. कात्री. फळा.

"पांढरी?" आई म्हणाली. "पांढरी कुठली गं, मोतिया होती. जरीची बारीक बुट्टी होती तिच्यावर."

"आई, पांढरी होती. मी होते तिथे."

"तू अकरा वर्षांची होतीस. मोतिया. सुभद्रावन्संच्या स्वत:च्या पेटीतली होती, त्यांच्या लग्नातली. मला म्हणाल्या, वहिनी, रंगीत नेसलीस तर लोक बोट दाखवतील, निदान चांगलं तरी नेस. मी त्या दिवशी कोणाचं ऐकून घ्यायच्या स्थितीत नव्हते. कापून टाकली." फोनमध्ये थोडा वेळ टोपलीतल्या शेंगांचा आवाज आला. "त्या वाकल्या. तुकडे गोळा करून घेऊन गेल्या. फळा पुसायला म्हणून मी दोनच नेले होते, तेही नीट पुसायचे नाहीत. का गं, आज काय मधेच?"

"काही नाही," मानसी म्हणाली.

सुभद्राआत्या. मोठ्या हाडाची, कमी बोलणारी, जिला तिन्ही परिसंवादांत मानसीने 'परंपरेची वाहक' म्हटले होते. फोन ठेवल्यावर मानसी बाल्कनीत जाऊन बसली. समोरच्या इमारतीत कोणीतरी गच्चीवर नव्या साड्यांचे तागे वाळत घातले होते. तिला आत्याचे हात आठवेनात. तुकडे गोळा करणारे हात तिने पाहिले असणारच, ती तिथेच होती. पण त्या जागी स्मरणात फक्त कात्री चालत होती, आणि कात्रीभोवती टाळ्या. म्हणजे जिच्या आवाजातून आपण जन्मलो ती कात्री एका बाईने दिलेली, द्यायला सगळ्यात जड अशी वस्तू कापत होती, आणि आपण अकराव्या वर्षीच ती पांढरी रंगवून घेतली, कारण पांढऱ्याची गोष्ट चांगली होते. की आईचेच चुकत होते? आईला हल्ली नावे आठवत नसत. पण बुट्टी आठवत होती. दुसरा कागदही गेला. आता मानसीकडे आपल्या चुकीचे एकही कारण उरले नाही. उरला नुसता हात. संध्याकाळी तिने तो हात साबणाने धुतला, आणि आपण हे काय करतो आहोत हे ध्यानात येताच नळ बंद केला.

तिने ठरवले की शनिवारी सांगून टाकायचे. मग ठरवले की सांगायचे नाही. चंपाबाईंना कोणा मुलीचे लग्न झाल्याचा आनंद आहे, तो का काढून घ्या? या दुसऱ्या विचारातली माया तिने तपासून पाहिली, आणि त्या मायेला तिच्या प्रबंधातल्या वाक्यांसारखाच वास आला. शुक्रवारपर्यंत तिचे चार वेळा ठरून मोडले होते. सांगितले तर चंपाबाई जातील, जागृती जाईल, नेहा पुन्हा "तू कधी विचारलंस" म्हणेल. न सांगितले तर चंपाबाई दर शनिवारी त्या स्टुलावर बसतील आणि आपण दर शनिवारी पंख्याच्या बटणाशी खेळू. कशाची भीती जास्त वाटते हे तिला नक्की सांगता येईना, आणि ज्या बाईला इतरांच्या भीतीची वर्गवारी चटकन जमत असे तिला हे नवे होते.

शनिवारी चंपाबाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. स्टुलाकडे न जाता त्या टेबलाशी थांबल्या. वर्तमानपत्राची पुडी त्यांनी टेबलावर ठेवली, कागद उलगडला. आत पांढरी साडी होती. हिचाही काठ निळा, पण रुंद, आणि ही नेसणीतली, धुऊन धुऊन मऊ पडलेली.

"ही दुसरी," चंपाबाई म्हणाल्या. "जयंतीला नेसते ती. आनखी कोण्या मुलीचं लग्न असंल तं."

स्वाती दुसऱ्या ढिगातले फ्रॉक मोजता मोजता थांबली. चौदा एप्रिलला तीन आठवडे राहिले होते. मानसीने साडी उचलली नाही. "चंपाबाई," ती म्हणाली, आणि आवाज वर्गात शिकवताना लागतो तसा लागला म्हणून थांबली, पुन्हा सुरू केले. "चंपाबाई, ती साडी कोणी नेली नाही. लग्न वगैरे काही नाही. मी ती पुसणीत टाकली. माझ्या हातानं. ती कापून गेली. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"हां," चंपाबाई म्हणाल्या. "ते मले माहीत आहे."

"माहीत आहे?"

"नागनाथच्या मशीनवर आली ना. काठावरून वळखली त्यानं. लहानपनी पेटी उघडली की पयले तीच दिसे त्याले." त्या हे बाजारातला भाव सांगावा तसे सांगत होत्या. "मागल्या रविवारी घरी घेऊन आला एक तुकडा. म्हने, माय, तेल पुसालेच जाईना हिच्यानं, नुसतं पसरे, म्हून पाह्यलं तं ही."

मागला रविवार. म्हणजे ज्या रात्री नियमाचा कागद उशाशी घेऊन मानसी शांत झोपली होती, त्या रात्री. मानसीने मनात माफीची वाक्ये मांडायला घेतली. ती भराभर आली, चांगली आली, आणि म्हणूनच तिला एकही उच्चारता येईना. "मला," ती म्हणाली, "मला कळत नाहीये की मी—"

"ते नाही विचारत मी," चंपाबाईंनी तिला मधेच थांबवले. "ते तुमचं तुमच्यापाशी. ही कुठी ठेवता, ते पाहून जाते."

वर्गात चार ढीग होते. मानसीने साडी दोन्ही हातांनी उचलली. बोटांना पहिल्यांदा कळले: सूत. खरोखरचे सूत, पाणी पिऊन बसल्यासारखे गार. मगनभाईच्या नियमात तंतोतंत बसणारे. तिला क्षणभर वाटले की आता ती परत द्यावी, घरी न्या म्हणावे, पाया पडावे. आणि त्या प्रत्येक कृतीत आपण कसे दिसू तेही तिला आधी दिसले, तीन परिसंवादांच्या उजेडात. फळ्यावरचा तक्ता तिच्याच अक्षरात तिच्याकडे बघत होता. ती चालत तिसऱ्या ढिगापाशी गेली. वर एक मोरपंखी जरीची साडी होती, तिच्याखाली कोणाचा तरी लग्नातला शालू. त्यांच्यावर तिने ती पांढरी साडी ठेवली.

"अगं मानसी, समारंभाच्यात? पांढरी?" स्वाती म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हते, नुसते आश्चर्य होते. गेल्या खेपेला पांढरी चौथ्यात गेली तेव्हा मात्र कोणालाच आश्चर्य वाटले नव्हते.

"लग्नाची आहे," मानसी म्हणाली.

दोन शब्द. ते पाच पानांत होते, आणि त्या दिवशी, मान हलवण्याऐवजी, हातात असते तर पुरले असते. तिने चंपाबाईंकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर क्षमा शोधायला गेली, ती सापडली नाही. राग शोधला, तोही नव्हता. होती फक्त कामाची बारीक नजर, गुंडी सरळ बसली की वाकडी हे पाहणारी. चंपाबाई ढिगाशी आल्या.

"घडी उलटी घातली वो," त्या म्हणाल्या. "काठ भाईर पायजे. नाहीतं कोनी लेकाचं पुन्ना पुसनं समजन."

मानसीने साडी उचलली, घडी मोडली. शेवटच्या पदरातून एक हातभर चौकोनी तुकडा खाली पडला, काळ्या तेलाने जागोजागी माखलेला, एका कडेला करंगळीएवढा निळा काठ. ती वाकली, पण चंपाबाई तिच्या आधी वाकल्या. त्यांनी तुकडा उचलला, झटकला, चौपदरी केला, आणि कमरेला खोचला.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या. "हे नाही द्यायचं."

मग त्या जाऊन खिडकीखालच्या स्टुलावर बसल्या, बाटलीतले पाणी प्यायल्या, सुईत दोरा ओवून हात पुढे केला. "त्या शर्टाच्या गुंड्या द्या इकडं." त्या थांबणार होत्या की एवढे काम उरकून कायमच्या जाणार होत्या, ते मानसीला कळले नाही, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. स्वातीने शर्ट नेऊन दिला. मानसी तिसऱ्या ढिगापाशी उभी राहून साडीची घडी घालत होती. काठ बाहेर यायला हवा होता, आणि तो पुन्हा पुन्हा आत जात होता.